‘ते औषध थोडंच आहे?’

(हृदयविकाराची औषधे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या या विषयावरील नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय वरवर पाहता फार साधा वाटेल. हृदयविकाराच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या नियमित घेणाऱ्या माणसाने त्यांच्या जोडीला जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का, आणि घ्यायच्या तर कोणती काळजी घ्यावी? पुष्कळांना वाटेल, यात काळजी ती कसली? ‘जीवनसत्त्व’ हा शब्दच पाहा ना. त्यात ‘जीवन’ आहे आणि ‘सत्त्व’ही आहे. अशा नावाच्या वस्तूला घाबरायचे तरी कशाला? बोलीभाषेत आपण त्यांना ‘शक्तीच्या गोळ्या’ किंवा ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणतो. डॉक्टरने नवीन औषध लिहून दिले की रुग्ण लगेच विचारतो, ‘याचे साइड इफेक्ट तर नाहीत ना?’ शक्तीच्या गोळीबद्दल मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही.

हा प्रश्न का विचारायला हवा, हे सांगण्यासाठी मी माझ्याच दवाखान्यातली एक हकीकत सांगतो. ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण त्यात चूक रुग्णाची कमी आणि माझी जास्त होती. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू गेली कित्येक वर्षे माझ्याकडे तपासणीला येतात. लहानपणी सांधेतापाने त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. पुढे शस्त्रक्रिया होऊन तिथे धातूची कृत्रिम झडप बसवली गेली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळीची मात्रा बरोबर आहे की नाही, हे ‘आयएनआर’ नावाच्या रक्ततपासणीवरून कळते. आपल्यासारख्यांचा आयएनआर एकच्या आसपास असतो. काकूंच्या झडपेच्या जागेचा विचार करता तो अडीच ते साडेतीनच्या दरम्यान ठेवायचा असतो. त्याहून कमी झाला तर गुठळी होण्याची भीती, फार वाढला तर रक्तस्रावाची भीती. काकू इतक्या टापटिपीच्या की त्यांचा आकडा वर्षानुवर्षे तीनच्या आगेमागे असायचा.

एकदा तो एकदम १.६ आला. मी विचारले, “काकू, गोळी चुकली का?”

“नाही हो डॉक्टर, एक दिवस चुकवली नाही.”

“दुसरे काही औषध सुरू केलेत?”

“काही नाही. तीच जुनी औषधे.”

मी गोळीची मात्रा वाढवली. पुढच्या तपासणीत आकडा १.९ आला, तेव्हा आणखी थोडी वाढवली. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्यांचा मुलगा त्यांना रात्री घेऊन आला. नाकातून रक्त येत होते आणि थांबत नव्हते. मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. आयएनआर सातच्या वर गेला होता. सुदैवाने मेंदूत रक्तस्राव झालेला नव्हता. त्यांना दाखल केले, गोळी काही दिवस थांबवली आणि त्या बऱ्या झाल्या.

त्या दाखल असताना मी त्यांच्या सुनेला सांगितले, ‘घरात काकू तोंडात घालतात ते सगळे, अगदी चूर्णाची डबीसुद्धा, एका पिशवीत घालून आणा.’ पिशवी आली. तिच्यात एक रिकामी बाटली होती. हाडांच्या बळकटीसाठी असलेल्या गोळ्यांची. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि त्यासोबत ‘के-२’, म्हणजे के जीवनसत्त्वाचा एक प्रकार. गुडघे दुखतात म्हणून भिशीतल्या मैत्रिणीने सुचवले होते.

मी म्हटले, “काकू, मी तुम्हाला विचारले होते ना, दुसरे औषध घेता का म्हणून?”

त्या अगदी निरागसपणे म्हणाल्या, “अहो, पण ते औषध थोडंच आहे? ते तर व्हिटामिन आहे.”

श्रोतेहो, काकू खोटे बोलल्या नव्हत्या. मी औषधांविषयी विचारले होते आणि त्यांनी औषधांविषयी उत्तर दिले होते. माझा प्रश्नच अपुरा होता.

आता नेमके काय घडले ते पाहू. आपल्या यकृतात रक्त गोठवणारे काही घटक तयार होतात आणि ते तयार व्हायला के जीवनसत्त्व लागते. १९३० च्या दशकात डेन्मार्कमधील हेन्रिक डॅम हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिलांना चरबीविरहित आहार देऊन प्रयोग करत होते. त्या पिलांना आपोआप रक्तस्राव होऊ लागला. त्यांच्या आहारातून जो घटक गेला होता, त्याला रक्त गोठण्यासाठीच्या ‘कोआग्युलेशन’ या शब्दाच्या तिकडील स्पेलिंगवरून ‘के’ हे नाव मिळाले. या कामासाठी डॅम यांना अमेरिकेतील एडवर्ड डॉयझी यांच्याबरोबर १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची गोष्ट याच्या बरोबर उलट बाजूने सुरू होते. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात ओलसर, बुरशी धरलेला एका प्रकारचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले रसायन वेगळे काढले. त्याच कुळातले ‘वॉरफरिन’ १९४८ मध्ये आधी उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांसाठी औषध म्हणून वापरले जाऊ लागले. वॉरफरिन आणि आपल्याकडे बरेच वापरले जाणारे ॲसिनोकुमारॉल ही दोन्ही औषधे के जीवनसत्त्वाचे काम अडवतात. म्हणजे काकूंच्या शरीरात मी एका बाजूने दोर ओढत होतो आणि ती हाडांची गोळी दुसऱ्या बाजूने. मला दुसरी बाजू दिसत नव्हती, म्हणून मी जोर वाढवत गेलो. मग बाटली संपली, पलीकडचा हात सुटला आणि काकू पडल्या. आणखी एक गंमत सांगतो. या औषधांचा अंमल फार वाढला तर उतारा म्हणून डॉक्टर जे देतात, ते के जीवनसत्त्वच असते. जे उताऱ्याचे औषध आहे, त्याला ‘औषध थोडंच’ कसे म्हणायचे?

इथे एक गैरसमज दूर करतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली की काही जण पालेभाजीच बंद करतात. पालक, मेथी, अळू, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर असते हे खरे. पण भाजी सोडायची नसते, तिचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. आठवड्यातून तीन वेळा पालेभाजी खात असाल तर ती तशीच चालू ठेवा. अडचण होते ती एकदम बदल झाल्यावर. थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून रोज दोन वेळा मेथी, किंवा कुणी सांगितले म्हणून रोज सकाळी पेलाभर हिरव्या पानांचा रस, नाहीतर उपवासाच्या महिन्यात भाजी अजिबात बंद. असा बदल करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे आणि आठवडाभराने आयएनआर तपासून घ्यावा. अलीकडच्या काळात ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान अशी नवी औषधे आली आहेत. त्यांचा के जीवनसत्त्वाशी असा संबंध नाही. पण धातूची झडप असलेल्यांना ती चालत नाहीत आणि रक्तस्रावाचा धोका त्यांच्यातही असतोच.

दुसरी जोडी आहे ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे खूप लोकांत आढळते आणि ती भरून काढणे योग्यच आहे. त्यासाठी साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी लिहून दिली जाते. ती साधारणपणे आठवड्यातून एकदा, काही आठवडे आणि नंतर महिन्यातून एकदा घ्यायची असते. पण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोज घ्यायच्या, मग हीच का नाही, असे समजून ती रोज घेणारे रुग्ण आम्ही पाहतो. कुणी चिठ्ठी दाखवून तीच पुडी वर्षभर दर आठवड्याला आणत राहतो. मोठ्या माणसाची रोजची गरज सुमारे सहाशे युनिट आहे, हे लक्षात घेतले की साठ हजारांचा आकडा किती मोठा आहे ते कळेल. ब आणि क गटातली जीवनसत्त्वे जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे निघून जातात. अ, ड, ई आणि के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे आहेत. त्यातले अ आणि ड तर शरीरात साठत जाते.

ड जीवनसत्त्व साठले की रक्तातले कॅल्शियम वाढते. भूक जाते, मळमळते, बद्धकोष्ठ होते, तहान लागते, वारंवार लघवीला होते, माणूस गोंधळल्यासारखा वागतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. घरच्यांना वाटते, ‘वय झाले.’ हृदयाच्या रुग्णाला यात दोन जादा धोके आहेत. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन यांसारखी लघवी वाढवणारी औषधे दिली जातात. ती लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवून ठेवतात. म्हणजे आवक वाढली आणि जावक कमी झाली. आणि डिगॉक्सिन नावाचे जुने, फार मोलाचे औषध चालू असेल, तर वाढलेल्या कॅल्शियममुळे त्याचा विषारी परिणाम होऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून ड जीवनसत्त्वाच्या पुडीवर, घरी आणल्याबरोबर, घेण्याचा वार आणि तारीख पेनाने लिहून ठेवा. आणि ठरलेल्या पुड्या संपल्या की विचारल्याशिवाय नवीन आणू नका.

तिसरी गोष्ट जीवनसत्त्वात मोडत नाही, पण त्याच कपाटात असते. ती म्हणजे पोटॅशियम. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची आणि हृदयाची नेहमीची औषधे. स्पायरोनोलॅक्टोन हे हृदय अशक्त झालेल्यांना दिले जाणारे औषध. ही सगळी शरीरातले पोटॅशियम धरून ठेवतात. आता या रुग्णाला कुणीतरी सांगते, ‘बीपी आहे ना? मग कमी सोडियमचे मीठ खा.’ बाजारात मिळणाऱ्या अशा बहुतेक मिठांत सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. जोडीला शहाळ्याचे पाणी रोज दोन वेळा आणि मिनरल असलेली शक्तीची गोळी. मूत्रपिंडे ठणठणीत असतील तर शरीर हे जादा पोटॅशियम बाहेर टाकते. मधुमेहाने किंवा वयाने ती थकलेली असतील तर ते साचत जाते. त्रास असा काही जाणवत नाही. थोडा अशक्तपणा येतो, एवढेच. पण पोटॅशियम फार वाढले तर हृदय अचानक थांबू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये कमी सोडियमच्या मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही अशांना त्यातून वगळले आहे. साधे मीठच कमी खाणे, हा तुमच्यासाठी सगळ्यांत सुरक्षित आणि स्वस्त उपाय आहे.

आता पुष्कळांच्या मनातला प्रश्न. ‘डॉक्टर, काही घेतले तर हृदय बळकट होईल का?’ ई जीवनसत्त्वाबद्दल ही आशा फार होती. ते रक्तवाहिन्यांचे रक्षण करते, असे मानले जाई. मग मोठ्या चाचण्या झाल्या. केरळात जन्मलेले आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या ‘होप’ चाचणीचे निष्कर्ष २००० मध्ये आले. चारशे युनिट ई जीवनसत्त्व रोज, चार-साडेचार वर्षे देऊनही हृदयविकार कमी झाला नाही. त्याच रुग्णांना पुढेही पाहिले गेले, तेव्हा २००५ मध्ये दिसले की ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदय अशक्त होण्याचे प्रमाण उलट थोडे जास्तच आहे. ब्रिटनमध्ये २०,५३६ लोकांना ई, क जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन एकत्र देऊन पाहिले गेले. २००२ मध्ये उत्तर आले, फायदा नाही. बी-३, म्हणजे नायसिन, मोठ्या मात्रेत स्टॅटिनच्या जोडीला दिले तरी झटके कमी होत नाहीत आणि मधुमेह बिघडण्यासारखे त्रास वाढतात, हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, हे वेगळेच. जिथे फायदा सिद्ध नाही आणि धोका थोडा का होईना आहे, तिथे पैसे कशाला घालवायचे? त्याच पैशात घरात मूठभर शेंगदाणे आणि चार फळे येतात.

आता एक अगदी अनपेक्षित गोष्ट. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेण्याची पद्धत हल्ली फार वाढली आहे. शरीराची गरज रोज तीस-चाळीस मायक्रोग्रॅमची आणि या गोळीत असतात पाच हजार किंवा दहा हजार मायक्रोग्रॅम. बायोटिनने हृदयाला काही होत नाही. ते बिघडवते रक्ताची तपासणी. छातीत दुखू लागल्यावर झटका आला आहे का हे पाहण्यासाठी ‘ट्रोपोनिन’ तपासतात. तपासणीच्या काही पद्धतींत रक्तातल्या जादा बायोटिनमुळे ट्रोपोनिनचा आकडा खोटाच कमी येतो. झटका आलेला असतो आणि कागद सांगतो, आलेला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, तेव्हा अशा चुकीच्या तपासणीनंतर एक रुग्ण दगावल्याची नोंदही त्यात होती. म्हणून छातीत दुखते म्हणून रुग्णालयात गेलात तर केसांच्या गोळ्या घेता हे तिथल्या डॉक्टरांना जरूर सांगा. त्या वेळी केसांचा विषय काढायला लाजू नका.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले परदेशात असतात. सुट्टीवर येताना ती आईवडिलांसाठी मोठमोठ्या बाटल्या आणतात. त्यामागचे प्रेम मला समजते. पण बाटलीवरची बारीक अक्षरे कुणी वाचत नाही. त्यात ‘रेड यीस्ट राइस’ असेल तर त्यातला एक घटक आणि लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध एकच आहेत. म्हणजे स्टॅटिन घेणारा माणूस नकळत दुहेरी मात्रा घेतो. स्नायू दुखू लागतात, यकृतावरही ताण येऊ शकतो. मन प्रसन्न राहावे म्हणून विकले जाणारे ‘सेंट जॉन्स वर्ट’ तर डिगॉक्सिन, वॉरफरिन आणि नव्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचाही परिणाम कमी करते. आणि आपल्या घरचे ज्येष्ठमध? खोकल्यात एखादा तुकडा चघळला तर काही बिघडत नाही. पण त्याचे चूर्ण महिनोन्महिने घेतले तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरते, आणि डिगॉक्सिन घेणाऱ्याला ते घातक ठरते. लसूण आणि हळद यांचेही तसेच. फोडणीत आणि भाजीत चालते, पण त्यांच्या अर्काच्या कॅप्सूल रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. वनस्पतीपासून आलेली वस्तू निरुपद्रवीच असते, असे नाही. वर उल्लेखलेले डिगॉक्सिनही वनस्पतीपासूनच मिळते.

हे सगळे ऐकून कुणी उद्या सकाळी सगळ्याच गोळ्या केराच्या टोपलीत टाकील, अशी मला भीती वाटते. तसे मुळीच करू नका. काही जीवनसत्त्वे खरोखर लागतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, त्यातही शाकाहारी लोकांत, बी-१२ कमी होते. हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते. अशा वेळी बी-१२ घेतलेच पाहिजे आणि हृदयाच्या औषधांशी त्याचे भांडण नाही. रक्तक्षय असेल तर लोह लागते. कमतरता तपासून, मात्रा ठरवून, मुदत घालून दिलेले जीवनसत्त्व हा उपचार आहे. माझा आक्षेप आहे तो न सांगता, न विचारता घेतलेल्या गोळीला. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जीवनसत्त्वाच्या भरवशावर हृदयाचे एकही औषध बंद करू नका. झडपेवरची, स्टेंटनंतरची किंवा रक्तदाबाची गोळी अचानक थांबवणे हे या सगळ्यांपेक्षा धोक्याचे आहे.

मग करायचे काय? पाच गोष्टी सांगतो.

पहिली, पिशवी. डॉक्टरकडे जाताना नुसती चिठ्ठी नेऊ नका. घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, चूर्णे, काढे, प्रोटीनची पावडर, डोळ्यांचे थेंबसुद्धा एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता. डॉक्टर घाईत असले तरी ओता. बघायला दोन मिनिटे लागतात.

दुसरी, डबा उलटा करून बघा. त्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल, तर ती वस्तू कायद्याने अन्न म्हणून विकली जाते. म्हणजे ती घेऊन आजार बरा होतो, असे कुणीही तपासून सिद्ध केलेले नाही. ज्या वेष्टनावर तांबडी उभी रेघ असते, ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. घटकांच्या यादीत ‘के’, ‘के-२’, पोटॅशियम, ड जीवनसत्त्व किंवा बायोटिन दिसले तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंग्रजी वाचता येत नसेल तर नातवंडांना वाचायला सांगा.

तिसरी, एका वेळी एकच बदल. एकदम तीन गोळ्या सुरू केल्या आणि त्रास झाला तर दोष कुणाचा ते कळत नाही. आणि सुरू करताना जसे सांगायचे, तसे बंद करतानाही सांगायचे. काकूंच्या बाबतीत खरा घात झाला तो गोळी बंद झाल्यावर, हे विसरू नका.

चौथी, वेळ. काही गोळ्या पोटात एकमेकींना चिकटतात. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत चार तासांचे अंतर हवे. हृदयरुग्णांत थायरॉइडची गोळी घेणारे बरेच असतात, म्हणून मुद्दाम सांगतो. तुमच्या बाकीच्या गोळ्यांच्या वेळा दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. त्याचे शिक्षणच त्या विषयाचे असते.

पाचवी, धोक्याची खूण. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्याला डांबरासारखी काळी शौचास झाली, नाकातले रक्त दहा-पंधरा मिनिटे दाबूनही थांबले नाही, डोक्याला मार लागला किंवा अचानक असह्य डोके दुखू लागले, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. तोंड वाकडे होणे, हात उचलता न येणे, बोलताना जीभ अडखळणे ही गुठळी मेंदूत गेल्याची खूण असू शकते. धातूची झडप असणाऱ्यांना शांत खोलीत तिचा घड्याळासारखा टिकटिक आवाज ऐकू येतो. तो एकाएकी मंद झाला तर उद्यावर ढकलू नका. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. एखाद्या गोळीने त्रास झाला अशी शंका असेल तर केंद्र सरकारच्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत दूरध्वनीवर ती कळवता येते. ही नोंद सामान्य माणूसही करू शकतो.

आम्हा डॉक्टरांकडेही एक काम आहे. त्या प्रसंगानंतर मी माझा प्रश्न बदलला. ‘कोणती औषधे घेता?’ असे मी आता विचारत नाही. ‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जेवणाव्यतिरिक्त तोंडात काय काय जाते?’ असे विचारतो. लोक हसतात, पण मग एकेक गोष्ट आठवू लागते. भिशीतली गोळी निघते, अमेरिकेतली बाटली निघते, गुरुवारच्या बाजारातले चूर्ण निघते. तुमच्या डॉक्टरने असे विचारले नाही तर रागावू नका. तुम्हीच आपणहून सांगा.

काकू आता ठणठणीत आहेत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तपासणीच्या तारखेच्या चौकटीत आयएनआरचा आकडा लिहितात. आकडा पुन्हा तीनच्या आसपास आला आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. “डॉक्टर, नातवाने सर्दीवर चघळायच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्यात. एखादी घेतली तर चालेल का?”

मी म्हटले, “एखादी चालेल काकू. लिंबू पिळलेत तरी भागेल. पण विचारलेत, हे फार बरे केलेत.”

त्यावर त्या म्हणाल्या, “विचारायचं काय, आता मी मीठसुद्धा विचारून घेते!”

श्रोतेहो, तुम्हीही विचारत राहा.